पम्याचं आउटहाउस आणि अण्णांची पार्किंग

शनिवारी संध्याकाळी कॅलिफोर्नियात, सॅन होजेतल्या आमच्या गल्लीच्या टोकाला, कठड्यावर विषय निघाला तो पम्याच्या परसातल्या घराचा. इथे त्याला एडीयू म्हणतात. पुण्यात बंगल्यामागे आउटहाउस असायचं तसंच, फक्त स्वयंपाकघर-बाथरूम स्वतःचं. पम्याच्या आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून तिच्यासाठी तो हे बांधणार आहे.

"गाड्या लावायला आधीच जागा नाही," अण्णा तापले. "शेजाऱ्यांना विचारायची काही पद्धत?"

"तशी अटच नाही, अण्णा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या घरासाठी हे सगळे कागद केलेत. "राज्याच्या नियमात बसत असेल तर सुनावणी होत नाही. पूर्ण अर्ज दिला की शहराने 60 दिवसांत निर्णय द्यायचा. बाजूला आणि मागे 4 फूट सोडून 800 चौरस फूट, 16 फूट उंच, एवढं बांधायला प्लॉट लहान आहे म्हणून अडवता येत नाही. बस-ट्रेन अर्ध्या मैलात असेल तर पार्किंगही मागता येत नाही."

"म्हणजे आमची गल्ली कशी दिसावी हे राज्य ठरवणार?"

हे मला अजिबात पटलं नाही. शहरांच्या हातात होतं तेव्हा अनेक ठिकाणी प्लॉट एवढा मोठा हवा, पार्किंग हवंच, वर भरमसाट शुल्क. कागदावर परवानगी, प्रत्यक्षात बंदी! कॅलिफोर्नियाने 2017 पासून अटी सैल केल्या, 2020 मध्ये आणखी, तेव्हा कुठे साध्या नोकरदारांना हे जमायला लागलं. 750 चौरस फुटांखाली आता इम्पॅक्ट फी, म्हणजे नव्या बांधकामामुळे सार्वजनिक सोयींवर पडणाऱ्या भारापोटीचं शुल्क, तेसुद्धा नाही.

"आईच्या नावाने बांधतील आणि पुढे भाड्याने देतील," अण्णा.

"देऊ देत की!" वहिनी म्हणाल्या. "30 दिवसांहून कमी मुदतीचं भाडं शहराला बंद करता येतं, त्यामुळे हॉटेल होणार नाही. इथल्या शाळेतली एखादी शिक्षिका राहिली तर बिघडलं कुठे? ती रोज दीड तास गाडी चालवत येते त्यापेक्षा बरं."

यावर अण्णा बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "पण त्याची खिडकी सरळ आमच्या ओट्यावर उघडते."

हे मात्र खरं होतं, आणि कुठल्याच कायद्याने सुटणारं नव्हतं. पम्या लगेच म्हणाला, "अण्णा, त्या बाजूला खिडकी वर, छताजवळ घेतो. उजेड येईल, दिसणार काही नाही."

"उद्या नकाशा घेऊन ये," अण्णा म्हणाले. "आणि आईंनाही आण. त्यांना कुठून ऊन हवंय ते विचारू."