बीफचं भांडण आणि नानांची पेटी

नाना कट्ट्यावर टेकले ते "त्या जागतिक व्यापार संघटनेला, डब्ल्यूटीओला टाळं ठोका" म्हणतच. शिवाजी पार्कची अर्धी फेरी त्यांनी अमेरिका-युरोपच्या बीफच्या भांडणावर काढली असावी. मांडीवर थाप मारत एकच घोष, "न्याय झाला पाहिजे!"

"न्याय झालाय, नाना. त्यानं भागलं नाही, एवढंच," संज्या म्हणाला. तो न्हावाशेवाला क्लिअरिंगचं काम करतो, अडलेला माल त्यानं रोज पाहिलेला. "1989 ला युरोपनं हार्मोन दिलेल्या गुरांचं मांस बंद केलं. अमेरिका-कॅनडानं डब्ल्यूटीओत केस घातली, 1998 ला जिंकली. बंदी उठली?"

"मग ठोका टॅक्स!"

"ठोकला की. 1999 ला अमेरिकेनं वर्षाला 11.68 कोटी डॉलरच्या युरोपी मालावर शंभर टक्के जकात लावली. त्यात रोकफोर चीजही सापडलं. ते मेंढीच्या दुधाचं, नाना. भांडण गाईचं आणि दंड मेंढपाळाला."

बंड्याला हे लागलं. त्याच्या काकाची देवगडला कलमं आहेत. 1 मे 2014 ला युरोपनं फळमाशीपायी हापूस बंद केला, तेव्हा हाच बंड्या वाशीला पेट्या उघडत होता. पेंढा चिकट झालेला, खालचा थर डागी. "काकाच्या बागेत कुणी पाहिली माशी?" आजही त्याचा आवाज चढला. जानेवारी 2015 ला बंदी उठली, पण तो हंगाम गेला तो गेलाच.

"माशा तुम्हीच पाठवता!" नाना.

"आणि आपण बर्ड फ्लूच्या नावानं अमेरिकेची कोंबडी अडवली, तिथे 2015 ला आपणच हरलो," संज्या म्हणाला. नाना चहात बघायला लागले.

"मग बीफचं मिटलं कसं?" मी विचारलं.

"2009 ला बंदी तशीच ठेवली. पण हार्मोन न दिलेलं, चांगल्या प्रतीचं मांस ठरावीक कोट्यात बिनजकात. आधी 20,000 टन, मग 45,000. कोटा अमेरिकेपुरता नव्हता, ऑस्ट्रेलिया-उरुग्वेवाले घुसले. म्हणून 2019 ला पुन्हा बसले. ठरलं, त्यातले 35,000 टन अमेरिकेचे, सात वर्षांत टप्प्याटप्प्यानं."

मला हा तोडगा मनापासून पटतो. आपल्या ताटात काय यावं हे खाणाऱ्यानं ठरवावं, आणि ते पुरवेल त्याला दार उघडं असावं. मात्र एवढं सुचायला वीस वर्षं गेली, आणि तोवर भरत कोण होतं, तर ज्याचा त्यात काडीचा संबंध नव्हता तो मेंढपाळ. याची चीड येते.

"संबंधावरून आठवलं," बंड्या वळला. "नाना, हापूस बंद झाला त्या वर्षी तुम्ही आमची एक पेटी नेलीत. पैसे?"

"अरे, निम्मे आंबे डागी होते!"

"शास्त्रीय पुरावा?" संज्यानं विचारलं.

नानांनी खिसा चाचपला, सुटे दहा रुपये काढून बंड्याच्या हातावर ठेवले. "हा पहिला टप्पा. बाकी सात वर्षांत."

बंड्या इतका हसला की कटिंग सांडला. नाना म्हणाले, तो त्याच्या खात्यात.