खिडकी लावा, संत्री खा, गोळी घ्या: कॉलेजच्या ग्रुपवरच्या सल्ल्याला उत्तर

डिसेंबर लागला की नागपुरातल्या कॉलेजांच्या आणि हॉस्टेलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सल्ला फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सार तेच. सर्दी-फ्लू थंडीने होतो, म्हणून रूमच्या खिडक्या घट्ट लावा. रोज चार संत्री खा, मग काही होत नाही. दिवसातून तीनदा वाफ घ्या, विषाणू मरतो. अंग तापलं की पहिल्याच दिवशी अ‍ॅझिथ्रोमायसिनचा तीन गोळ्यांचा कोर्स घ्या. फ्लूची लस घेऊ नका, तिच्यानेच फ्लू होतो. आणि तरुणपणी ताप म्हणजे किरकोळ गोष्ट, लेक्चर बुडवू नका. खाली 'एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला' एवढं असतं, डॉक्टरांचं नाव कधीच नसतं.

मी कॉलेजात शिकवतो. समोर बसलेल्या साठ पोट्ट्यांपैकी वीस जण एकाच आठवड्यात खोकायला लागले की हा सल्ला किती मनावर घेतला गेलाय ते कळतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

खिडक्यांचा मुद्दा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात चुकीचा. नुसत्या गारठ्याने सर्दी होत नाही, त्यासाठी दुसऱ्या कुणाच्या नाकातला विषाणू आपल्यापर्यंत यावा लागतो. इंग्लंडमध्ये सॅलिस्बरीजवळ 1946 साली सर्दीच्या संशोधनासाठी एक केंद्र उघडलं होतं. तिथे स्वयंसेवकांना आंघोळीनंतर ओल्या अंगाने गार वाऱ्यात उभं करून पाहिलं. नुसतं कुडकुडल्याने सर्दी जडते असं काही सिद्ध झालं नाही. थंडीचा संबंध अगदीच नाही असंही नाही. सर्दीचे ऱ्हायनोव्हायरस 37 अंशांपेक्षा 33 अंशांना, म्हणजे गार पडलेल्या नाकात, जास्त जोमाने वाढतात, आणि कोरड्या थंड हवेत फ्लूचा विषाणू जास्त वेळ तग धरतो. पण सगळा दोष थंडीचाच असता तर आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढलाच नसता. भारतात फ्लूचे दोन हंगाम असतात, एक जानेवारी ते मार्च आणि दुसरा पावसाळ्यात. ऑगस्टमध्ये नागपुरात कोण कुडकुडतं?

दोन्ही हंगामांत समान असते ती बंद खोली. आणि बंद खोलीच्या बाबतीत आपल्या शहराची एक खास अडचण आहे, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही: कूलर. हॉस्टेलच्या किंवा भाड्याच्या खोलीला बहुतेक वेळा एकच धड खिडकी असते, आणि उन्हाळ्यात तिच्यातच कूलर बसतो. तेव्हा ते चांगलंच असतं, कारण कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि आतली हवा दारातून निघून जाते. दिवाळीनंतर कूलर बंद होतो, पण जागचा हलत नाही. त्याच्या फटींत पुठ्ठे आणि जुनी वर्तमानपत्रं कोंबली जातात. मग तीन पलंगांची ती खोली रात्रभर तीन जणांच्या श्वासावर चालते. एकाला फ्लू असेल तर दुसऱ्यापर्यंत तो जायला खोकण्याचीही गरज नाही. बोलताना, श्वास सोडताना बाहेर पडणारे बारीक थेंब हवेत तरंगत राहतात. त्यातच फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून विषाणू पसरवत असतो, म्हणजे त्याला स्वतःलाही पत्ता नसतो.

अभ्यासिकांची तीच गत. प्लायवूडच्या कप्प्यांना कप्पे लागलेले, परीक्षा तोंडावर, आणि गारठा नको म्हणून सगळं बंद. तसं पाहिलं तर नागपूरची थंडी रात्रीची आहे. 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता हे खरं, पण नेहमीच्या डिसेंबरात दुपारी 27-28 अंश असतात. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवायला कुणाचं काय जातं? रात्री दोन बोटं फट ठेवा आणि एक ब्लँकेट जास्त घ्या.

आता संत्री. नागपुरात बसून संत्र्याविरुद्ध लिहिणं म्हणजे पाहुण्याने येऊन यजमानाच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणण्यासारखं. खा, भरपूर खा, आंबिया बहाराचा माल सध्या बाजारात आहेच. मात्र संत्री खाल्ल्याने सर्दी टळत नाही. क जीवनसत्त्वाचे मोठे डोस सर्दी रोखतात असा आग्रह अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी 1970 च्या सुमारास धरला. दोन नोबेल मिळवलेला माणूस, त्यामुळे जगाने ऐकलं. नंतरच्या चाचण्या एकत्र पाहिल्यावर चित्र निराळं निघालं: रोज गोळी घेणाऱ्या सामान्य माणसांना सर्दी तितक्याच वेळा झाली, फक्त तिचा मुक्काम सरासरी सुमारे आठ टक्क्यांनी घटला. सात दिवसांच्या सर्दीत अर्धाच दिवस. सर्दी सुरू झाल्यावर गोळ्या घेऊन तर ठोस फायदा दिसलाच नाही. आणि क जीवनसत्त्वच हवं असेल तर पेरूत ते संत्र्याच्या कितीतरी पट असतं.

त्यापेक्षा त्या मेसेजमध्ये झोपेचा एक शब्द असता तर बरं झालं असतं. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात 164 निरोगी लोकांची झोप आधी मोजली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता, सात तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत, चौपटीहून अधिक निघाली. सबमिशनच्या आठवड्यात रात्री दोनला टपरीवर चहा घेणाऱ्यांनी हा आकडा जरूर वाचावा.

वाफेबद्दल थोडक्यात. चोंदलेलं नाक घटकाभर मोकळं होतं, बरं वाटतं, एवढंच. विषाणू आपल्या पेशींच्या आत वाढत असतो, तो वाफेने मरत नाही. हॉस्टेलच्या खोलीत हीटरच्या रॉडने बादलीभर पाणी उकळून त्यावर चादर घेऊन वाकणं हा भाजण्याचा सोपा मार्ग आहे. काढा, गरम पाणी, सूप घशाला आराम देतात, ते खुशाल घ्या.

अ‍ॅझिथ्रोमायसिनचा मुद्दा मात्र मला चीड आणणारा आहे. ते अँटिबायोटिक आहे, जिवाणूंवर चालतं. सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात, त्यांच्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. कफ पिवळा-हिरवा झाला तरी तेवढ्यावरून अँटिबायोटिक लागतं असं ठरत नाही. 'पण मला तर तीन गोळ्यांत बरं वाटलं' असं प्रत्येक वर्गात कुणीतरी म्हणतंच. बरं वाटणारच होतं. ताप बहुतेकांचा तीन-चार दिवसांत उतरतो, आणि गोळ्याही तीनच दिवसांच्या, त्यामुळे श्रेय गोळीला जातं. मार्च 2023 मध्ये फ्लूच्या एच3एन2 या प्रकाराची साथ होती तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने नेमकं हेच सांगितलं होतं: सर्दी-खोकला-तापाला अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि अ‍ॅमॉक्सिक्लॅव्ह घेऊ नका.

नुकसान काय, ते टायफॉइडमध्ये कळतं. बाहेरचं खाणाऱ्या हॉस्टेलच्या मुलांना तो होतोच, सुरुवात नुसत्या तापानेच होते, आणि बऱ्याच जुन्या औषधांना तो आता दाद देत नाही. तोंडावाटे घ्यायच्या ज्या थोड्या गोळ्या उरल्यात त्यांतली अ‍ॅझिथ्रोमायसिन ही एक आहे. ती सर्दीवर उधळली तर हळूहळू तीही निकामी होईल. शिवाय अँटिबायोटिक आधीच पोटात गेलं असेल तर रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू बऱ्याचदा सापडत नाही आणि निदान लांबतं. अंग दुखतंय, ताप आहे, तर पॅरासिटामॉल घ्या. सर्दीच्या मिश्र गोळीतही बहुधा पॅरासिटामॉल असतंच, दोन्ही एकदम घेऊ नका. नाक वाहत नाही, खोकला नाही आणि ताप सडकून आहे, तर डेंग्यूची शक्यता नाकारेपर्यंत आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिनपासून लांब राहा.

लसीने फ्लू होतो हे शक्यच नाही. आपल्याकडे टोचली जाणारी लस मृत विषाणूच्या तुकड्यांची असते. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कणकण वाटते. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, हे मात्र मान्य. विषाणूशी तिचा मेळ चांगला बसतो त्या वर्षी ती साधारण 40 ते 60 टक्के बचाव करते, आणि संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. विषाणू बदलत राहतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. प्रत्येक विद्यार्थ्याने तिच्यावर दीड-दोन हजार खर्च करावेत असं मी म्हणणार नाही. दमा, मधुमेह किंवा सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून घ्याच.

सिकलसेलचं नाव मुद्दाम घेतलं. पूर्व विदर्भातून नागपुरात शिकायला येणाऱ्या मुलांमध्ये हा आजार असतो, आणि बरेच जण रूममेटलाही सांगत नाहीत. त्यांच्यासाठी ताप 'बघू उद्या' म्हणण्यातला नसतो. साधा संसर्गही वेदनेचा झटका किंवा छातीचा गंभीर त्रास सुरू करू शकतो. ताप आला की त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो, म्हणजे इथलं मोठं सरकारी रुग्णालय, गाठायचं, रात्र असली तरी.

आणि तरुणपणी ताप किरकोळ असतो म्हणे. 1918 च्या फ्लूच्या साथीत 20 ते 40 वयाची माणसं असाधारण प्रमाणात गेली. 2009 च्या स्वाइन फ्लूनेही म्हाताऱ्यांपेक्षा तरुणांना जास्त गाठलं, आणि 2015 च्या सुरुवातीची लाट नागपूरने चांगलीच सोसली आहे. बहुतेक पोट्टे आठवड्यात बरे होतात, हे खरंच. पण श्वास लागणं, छातीत दुखणं, गुंगी येणं, किंवा ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. फ्लूवरचं ओसेल्टामिविर पहिल्या 48 तासांत सुरू झालं तरच त्याचा पुरेपूर उपयोग होतो, आणि ते द्यायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतील.

लेक्चर न बुडवण्याचा सल्ला मुलांनी उगाच उचललेला नाही, तो आम्हीच त्यांच्या गळी उतरवलाय. 75 टक्के हजेरीची टांगती तलवार, प्रॅक्टिकल चुकलं तर मार्क गेले, आणि दोन दिवसांच्या तापालाही वैद्यकीय प्रमाणपत्र हवं. ते प्रमाणपत्र आणायला तापलेला मुलगा ओपीडीच्या रांगेत दोन तास उभा राहतो, पुढच्या-मागच्यांना विषाणू वाटतो, आणि कागद घेऊन आमच्यासमोर येऊन शिंकतो. ताप असेपर्यंत आणि गोळी न घेता तो उतरल्यावर आणखी एक दिवस खोलीवरच राहायची मुभा द्यायला विद्यापीठाचा नियम बदलावा लागत नाही. प्रॅक्टिकलची एक जादा बॅच ठेवली, दोन दिवसांच्या रजेला साधा अर्ज चालवून घेतला, तरी भागतं. ते विभागप्रमुखाच्या हातात असतं, आणि पुष्कळदा तर थेट माझ्यासारख्या शिक्षकाच्याच.