घरच्या घरी वीट पाडा

वीट पाडायला माती लागते, भट्टी लागते, असा आपला समज. टीव्हीमागे धूळ खात पडलेला राउटर घ्या, त्यात मूठभर उतावळेपणा घाला, पाच मिनिटांत वीट तयार. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या पोटातलं सॉफ्टवेअर, बदलताना मेलेल्या राउटरला जाणकारही वीटच म्हणतात. कृती खाली देतो. मी स्वतः करून पाहिली आहे.

आधी चार-पाच वर्षं त्याच्याकडे ढुंकूनही बघू नका. त्या डबीच्या पोटातल्या सॉफ्टवेअरमध्ये भोकं सापडतात, कंपनी ती बुजवून नवी आवृत्ती काढते, या गोष्टी रिकामटेकड्यांच्या. चालतंय ना? मग कशाला हात लावायचा? २०१८ च्या मे महिन्यात ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाच्या घातक सॉफ्टवेअरने ५४ देशांतली किमान ५ लाख उपकरणं पोखरल्याचं उघड झालं. त्यात बहुतेक घरातले नि छोट्या ऑफिसांतले राउटर. तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना सल्ला दिला, राउटर बंद करून चालू करा. आपला केबलवाला हे रोज फुकट सांगतो. (फर्मवेअर अद्ययावत ठेवा, पासवर्ड बदला, असंही तेव्हा सांगितलं होतं. पण तेवढं कोण वाचतं?)

मग एके दिवशी अचानक जागे व्हा. मुहूर्त जूनमधल्या संध्याकाळचा धरा. पश्चिमेला आभाळ भरून आलंय, ट्यूबलाइट दोनदा मिचकलीय, बायको आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये आहे. राउटर इन्व्हर्टरवर घेऊ नका. नवं फर्मवेअर चढताना चिपवरचं जुनं आधी पुसलं जातं, मग नवं लिहिलं जातं. जुनी कौलं उतरवलीत, नवी अजून चढायचीत, नेमका तेव्हाच पाऊस यावा, तशी मधेच वीज गेली की आपलं काम झालं. काही मॉडेलांत जुनी प्रतही जपून ठेवलेली असते. असले भित्रे राउटर घेऊच नयेत.

राउटर उलटा करून खालचं लेबल वाचणं हा निव्वळ कमीपणा. तिथे मॉडेलच्या नावापुढे मुंगीएवढ्या अक्षरांत व्ही २, व्ही ३ असं काही असतं. डबी तीच, रंग तोच, पण आतली चिप वेगळी असू शकते. एकाचं फर्मवेअर दुसऱ्याला चढवणं म्हणजे थोरल्याचा चष्मा धाकट्याच्या नाकावर. काही राउटर अशी चुकीची फाइल घेतच नाहीत. आपण नशीबवान असलो तर घेतात. लेबलाचा मोबाइलवर फोटो काढून तो मोठा करून वाचता येतो, हे मला वीट पाडून झाल्यावर पुतण्याने सांगितलं.

फाइल कंपनीच्या साइटवरून मुळीच घेऊ नका. ‘लिंक खाली दिली आहे’ असं सांगणारा एखादा व्हिडिओ शोधा. राउटर इंटरनेटवाल्यानेच दिलेला असेल, तर त्याला फोन करून विचारायची गरज नाही. त्याचं फर्मवेअर बऱ्याचदा वेगळं असतं आणि तो ते परस्पर बदलतोही, पण आपल्या हौसेचं काय?

खोक्यातली पिवळी केबल प्लॅस्टिकच्या बांधणीसकट तशीच राहू द्या. पलंगावर लोळत, वायफायवरूनच, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा राउटरच्या सेटिंगचा पत्ता टाका. युजरनेम ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. तो पहिल्या दिवसापासून तसाच आहे, हे चोरांनाही पाठ असतं.

सेटिंगची प्रत काढून ठेवायचं बटण तिथेच दिसेल. दुर्लक्ष करा. इंटरनेटवाल्याने जोडणीसाठी दिलेला युजरनेम-पासवर्ड (पीपीपीओई म्हणतात तो) तर तुमच्याकडे लिहिलेला असणारच. आमच्याकडेही होता. नेट बसवायला आलेल्या मुलाने कालनिर्णयच्या डिसेंबरच्या पानामागे लिहून दिला होता. जानेवारीत ते रद्दीत गेलं.

आता मुख्य विधी. पडद्यावर ‘वीज बंद करू नका’ अशी सूचना येते आणि पट्टी पुढे सरकू लागते. माझी ७१ टक्क्यांवर थांबली. तिथे कधीकधी मिनिट-दोन मिनिटं काहीच हलत नाही, तरी आत काम चालू असतं. आतून आवाज आला, “अहो, नेट गेलं का?” मी म्हटलं, “त्यांच्याकडूनच लाइन गेलीय.” आणि स्विच बंद केला. दहा आकडे मोजले. पुन्हा चालू केला.

एकच दिवा लागला. लाल. लुकलुकत नव्हता, नुसता रोखून बघत होता.

पुढचे उपचार औपचारिक. मागच्या रीसेटच्या भोकात सेफ्टी पिन घालून दहा सेकंद दाबून धरलं, मग वीस, मग इंटरनेटवाल्यांचा नंबर लावून तक्रार नोंदवली. तिकडच्या मुलीने अतिशय नम्रपणे विचारलं, “सर, राउटर बंद करून चालू केलात का?” केला होता, मॅडम. तेच तर.

आमची मनी तीन वर्षं त्या राउटरवर झोपायची. ऊब लागायची ना. परवा ती आली, पंजाने चाचपलं, वास घेतला आणि सेट-टॉप बॉक्सवर जाऊन बसली.