भांडण कशावरून झालं, हे विचारणं आता थांबवूया

नवरा-बायकोचं भांडण मिटवायला आपल्याकडे मावशी, काका, थोरले दीर बसतात आणि पहिला प्रश्न येतो, "चूक कोणाची?" मला या प्रश्नाचाच राग आहे. दोघंही जुनी उणीदुणी काढतात, कोणीतरी माफी मागतं आणि महिन्याभरात तेच भांडण पुन्हा.

तेच म्हणजे अगदी तेच. तो उशिरा येतो. ती म्हणते, "एक फोन करता येत नाही?" चपला काढता काढता तो म्हणतो, "झालं सुरू." तिचा आवाज चढतो, तो मोबाईलमध्ये डोकं घालतो. "मी भिंतीशी बोलतेय का?" तो उठून गॅलरीत जातो, ती मागोमाग दारात. पुढच्या वेळी विषय सासूबाईंचा असेल नाहीतर मुलाच्या फीचा. पण ती मागे लागणार, तो गप्प होणार, हे ठरलेलं. (काही घरांत बायको गप्प आणि नवरा मागे.)

कॅनडात स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात जोडप्यांसाठी जी थेरपी उभी केली, तिच्यात हे चक्रच दोघांसमोर मांडतात. तो गॅलरीत गेला तेव्हा तुला काय वाटलं? "मी असले काय, नसले काय, याला फरक पडत नाही." आणि तुला? "काहीही केलं तरी मी कमीच पडणार." ती बोलेल तितकं त्याला आपण नालायक वाटतो, तो गप्प राहील तितकी ती एकटी पडते. सुरुवात कोणी केली, हे शोधून हाती काहीच लागत नाही.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन तर सांगतात की जोडप्यांच्या वादांपैकी सुमारे ६९ टक्के वाद कधीच पूर्ण सुटत नाहीत, कारण ते स्वभावातल्या फरकातून येतात. मला हे वाचून धीर आला. गप्प बसणाऱ्याबद्दलही त्यांचं निरीक्षण मोलाचं आहे: वरून तो थंड दिसतो, पण आत ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेलेले असतात. अशा वेळी "बोल ना, बोल!" म्हणून काही होत नाही. निदान वीस मिनिटं थांबावं. मात्र "परत येऊन बोलतो" असं सांगून जावं आणि खरंच परत यावं. न सांगता निघून गेलं की मागे राहिलेल्याची भीती खरी ठरते.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगते. जिथे मारहाण आहे, धाक आहे, पैसे अडवून ठेवलेत, तिथे "दोघांचं चक्र" म्हणू नका आणि त्या बाईला समुपदेशनात नवऱ्याशेजारी बसवू नका. तिथे आधी तिची सुरक्षितता. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, नंबर जवळ ठेवा.