गोव्याच्या पावसावर खापर फोडू नका

महागड्या बुटाचा सोल सुटला याचा मला एवढा राग नाही. वस्तू आहे, बिघडते. राग आहे तो पणजीतल्या त्या चकचकीत दुकानात माझ्या पप्पांशी जे वागले त्याचा.

पप्पांनी जन्मभर साध्या चपला वापरल्या. मे महिन्यात भावाच्या लग्नासाठी आम्हीच हट्टाने त्यांना भारी बूट घेऊन दिले. तेव्हा दोन मुलं दिमतीला होती, पाणी काय, खुर्ची काय, विचारू नका. लग्नात घातले, पुसून डब्यात ठेवले. चवथीला काकांकडे जायला बाहेर काढले आणि अंगणातच डाव्या बुटाचा सोल लोंबायला लागला. टाचेवरचा थर मी अंगठ्याने दाबला तर हातात नुसता काळा भुगा. वरचं चामडं मात्र नवंकोरं!

बिलावर सहा महिन्यांची वॉरंटी छापलेली. दुकानात गेलो. पप्पा कोंकणीतून समजावत होते आणि मॅनेजर माझ्याकडे बघत इंग्रजीत उत्तरं देत होता. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ‘बसा’ म्हणायचं कुणाला सुचलं नाही. बुटाला हात न लावताच निकाल दिला: ‘मान्सून डॅमेज, वॉरंटीत येत नाही.’

अहो, गोव्यात पाऊस पडतो हे दुकान थाटताना माहीत नव्हतं?

आणि ते कारणही पटण्यासारखं नाही. असे हलके, मऊ सोल पुष्कळदा पॉलियुरेथेनचे असतात. हवेतल्या दमटपणाने ते आतून कुजत जातात, त्याला हायड्रोलिसिस म्हणतात. बूट न घालता डब्यात ठेवले तरी हे होतं, पण त्याला सहसा काही वर्षं लागतात, एक पावसाळा नव्हे. म्हणून घरी येऊन डब्यावरचं स्टिकर वाचलं. उत्पादनाची तारीख तीन वर्षांपूर्वीची! म्हणजे जोड गोदामात पडून जुना झाला आणि आम्ही तो नव्याच्या भावाने घेतला, असंच मला वाटतं. दुकानाला हे मान्य नसेल तर त्यांनी सोल तपासून तसं लेखी द्यावं. तेवढंही करायला ते तयार नाहीत.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, बिलावर दिलेल्या मुदतीत सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरतात. पप्पा म्हणाले, ‘सोड गो, कित्याक वाद?’ मी सोडणार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. तिथे काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. बूट, डबा, बिल सगळं जपून ठेवलंय. मला जोड बदलून हवा आहे, आणि त्या मॅनेजरने पप्पांची माफी मागायला हवी, त्यांच्याकडे बघून.

दिवाळीला कुणी महाग बूट घेणार असाल तर पैसे देण्याआधी डब्यावरची तारीख तेवढी वाचा. जुनी असेल तर दुसरा जोड मागा.