समोरच तर दिसतंय!

मे महिन्यात कोकणात जाणाऱ्या मित्रमंडळींचं सर्वाधिक नुकसान एका वाक्याने केलेलं आहे. ते मागच्या सीटवरून येतं, खिडकीबाहेर काढलेल्या बोटासकट येतं आणि असं असतं : "अरे, समोरच तर दिसतंय!"

दिसतं, हे मी नाकारत नाही. बाणकोटच्या किल्ल्यावरून सावित्रीपलीकडचा हरिहरेश्वरचा डोंगर दिसतो. दाभोळच्या धक्क्यावरून धोपावे दिसतं. तवसाळहून जयगड दिसतं. फक्त मधे खाडी असते, आणि मित्रांच्या हिशेबात खाडी नसते. सह्याद्रीत उगम पावलेल्या सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री ह्या नद्या पश्चिमेकडे समुद्राला मिळतात. आपण मात्र उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालेलो असतो. म्हणजे आपला रस्ता उभा आणि खाड्या आडव्या. देशावर वळण चुकलं तर पुढच्या पंपापाशी गाडी फिरवता येते. कोकणात वळण चुकलं की माणूस चुकीच्या काठावर पोचतो, आणि तिथून त्याला आपलं हॉटेल अगदी स्पष्ट दिसतं.

बेत साधारण सगळ्यांचा सारखाच असतो. पुण्याहून मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला फेरीबोट, पलीकडे वेशवी. मग केळशी, आंजर्ले, हर्णे, मुरुड, दापोली. दाभोळला पुन्हा फेरीबोट, धोपावे, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. तवसाळ-जयगड ही आणखी एक फेरीबोट, आणि मालगुंडमार्गे गणपतीपुळे. हे सगळं तीन दिवसांत बसवणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला गाडी चालवता येत नाही.

"पहाटे पाचला निघायचं" असं ठरतं. पाच ही निघायची वेळ नसून पहिल्या फोनची वेळ आहे. प्रत्यक्षात गाडी सव्वासातला हलते, आणि तिचा परिणाम नाश्त्यावर नाही, माणगावात होतो. सुट्टीच्या दिवशी उशिरा माणगावात शिरलात, की मुंबईहून निघालेली सगळी गर्दी महामार्गावर तुमच्या आधी हजर असते. तिथे गेलेला तास पुढे फेरीबोटीच्या रांगेत दोन तास होऊन भेटतो.

निघण्यापूर्वी टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना बघावी. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. तिथे दोन आकडे असतील तर पूर्ण भरलेल्या गाडीचा, म्हणजे मोठा आकडा आपला. उन्हात चालून टायर तापले की दाब वाढलेला दिसतो, तेव्हा शहाणपणाने हवा सोडणाऱ्या मित्राला आवरावं. स्टेपनीतही हवा असावी लागते, हे बहुतेकांना स्टेपनी बाहेर काढल्यावर कळतं. ती बाहेर काढण्यासाठी आधी डिकीतून पाच बॅगा, थर्मासचं खोकं, चटई आणि क्रिकेटची बॅट रस्त्यावर मांडावी लागते. मागून येणाऱ्यांना वाटतं, दुकान आहे.

घाटाचा नियम जुनाच आहे : ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा. ताम्हिणीच्या उतारावर चौथा गिअर टाकून सारखा ब्रेक दाबत राहणारा चालक स्वतःला सावध समजतो. थोड्या वेळाने जळका वास येतो आणि मागचे म्हणतात, शेतात काहीतरी पेटवलंय. ते ब्रेक असतात. अशा वेळी गाडी रुंद जागी उभी करून ब्रेक निवू द्यावेत. चाकांवर पाणी ओतू नये. समोरून चढत येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा तर कायदाच आहे, पण घाटात कायद्यापेक्षा हॉर्नवर भरवसा ठेवणारे जास्त.

परतीच्या चढावर उलटी तऱ्हा. पाच माणसं, भरलेली डिकी, पूर्ण एसी आणि दुपारचा एक. तापमानाचा काटा वर सरकू लागला की आधी एसी बंद करावा. तरी उतरत नसेल तर हीटर पूर्ण सोडावा. हो, हीटरच. इंजिनाची उष्णता त्या वाटेने आत येते आणि इंजिनाला श्वास मिळतो. मे महिन्यात, कोकणातून वर येताना, काचा उघड्या टाकून हीटर लावलेल्या गाडीत मैत्रीची जी परीक्षा होते ती दुसरीकडे कुठे होत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर थांबावं, बॉनेट उघडावं आणि रेडिएटरच्या झाकणाला निदान अर्धा तास हात लावू नये. गरम असताना ते उघडलं की उकळतं पाणी कारंज्यासारखं तोंडावर येतं. "मी बघतो ना!" म्हणून फडकं घेऊन पुढे होणाऱ्या मित्राला ह्या वेळात कलिंगड आणायला पाठवावं.

गाडी लागणाऱ्या मित्राचंही तेवढंच शास्त्र आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो, आपण हलतोय. डोळे मोबाइलमध्ये असतात, ते म्हणतात, नाही. ह्या वादाचा निकाल पोट लावतं. म्हणून त्याला पुढे बसवावं, लांबवर बघायला सांगावं, मोबाइल काढून घ्यावा. गोळी द्यायची तर घाटाच्या निदान अर्धा तास आधी. पहिल्या वळणावर दिलेली गोळी दुसऱ्या वळणावर बाहेर येते. ह्या गोळीने झोप येते, तेव्हा ड्रायव्हरने ती सहानुभूती म्हणूनसुद्धा घेऊ नये.

आता मुरुड. मुरुड दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यातलं, जंजिऱ्याचं. दुसरं रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोली तालुक्यातलं, हर्ण्याजवळचं. दोन्हीकडे समुद्रकिनारा, सुरूची झाडं, घरगुती जेवणाच्या पाट्या. आणि दोन्हीकडे समुद्रात किल्ला. त्यामुळे चूक लवकर उघडकीला येत नाही. खोलीच्या मालकाला फोन लावून "समुद्रात किल्ला दिसतोय, आता कुठे वळू?" असं विचारलं की तो उत्साहाने "आलात की मग!" म्हणतो. तो सुवर्णदुर्गाबद्दल बोलत असतो, आपण जंजिऱ्याकडे बघत असतो. ह्या मुरुडहून त्या मुरुडला किनाऱ्याने जायचं तर आगरदांडा-दिघी आणि बागमांडला-वेशवी अशा दोन फेरीबोटी लागतात. दोन वेळासही आहेत, एक दिवेआगरजवळ आणि कासवांचं मंडणगड तालुक्यात. तेव्हा नकाशात गावाचं नाव एकटं टाकू नये. तालुका टाकावा, आणि त्याहून उत्तम म्हणजे मालकाकडून लोकेशन मागवून घ्यावं. घाटात रेंज जाते, म्हणून त्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवरच उतरवून ठेवावा. नाहीतर ऐन तिठ्यावर नकाशातली रस्ता सांगणारी बाई बोलायची थांबते आणि तिची जागा घ्यायला गाडीतले चौघं एकदम पुढे येतात.

मग माणसांना विचारावं लागतं. विचारण्याचीही पद्धत आहे. "हा रस्ता गुहागरला जातो ना?" असं कधीही विचारू नये. कोकणातला कुठलाही रस्ता कुठून तरी गुहागरला जातोच, आणि पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही. "गुहागरला कुठल्या रस्त्याने जाऊ?" असं विचारावं. उत्तर मिळतं ते नीट ऐकावं : "हे असे सरळ जा, एक पऱ्या ओलांडलात की सडा लागेल, सड्यावर तिठा, तिथे कुणालाही विचारा." ह्यात दोन अडचणी आहेत. मे महिन्यात पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाण्याचा थेंब नसतो, त्यामुळे तो ओलांडल्याचं कळत नाही. आणि सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, दुपारी दोन वाजता कातळ आणि ऊन सोडलं तर विचारायला कुणीही नसतं.

अशा वेळी मैलाच्या दगडांवर विश्वास ठेवावा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर गावचा रस्ता. पिवळ्यावरून निघून हिरव्यावर आलात तर ठीक. नारिंगी दिसला की नकाशाने पाच मिनिटं वाचवण्यासाठी तुम्हाला कुणाच्या तरी आंब्याच्या बागेत काढलंय असं समजावं. दुसरी खूण एसटी. ज्या रस्त्यावर एसटी जाते तिथून तुमची गाडी नक्की जाते. एसटीच्या पाटीवर तुमच्या गावाचं नाव असेल तर निमूट तिच्या मागे लागावं आणि तिला ओव्हरटेक करण्याची हौस आवरावी. पुढे गेलात की तुम्ही पुन्हा नकाशाच्या स्वाधीन.

फेरीबोटीला रांग असते आणि रांगेत गाडी सोडून सगळ्यांनी सरबताला जायचं नसतं, एवढं कळलं तरी पुरे. पैसे गाडीचे वेगळे आणि माणसांचे वेगळे. बोटीला फळी एकाच बाजूला असली तर गाडी उलटी, रिव्हर्समध्ये चढवावी लागते. तेव्हा आजूबाजूचे सहा जण सहा दिशांना हात हलवतात. बोटीवरच्या माणसाकडेच बघावं, मित्रांकडे अजिबात नाही. चढल्यावर हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी. रात्री फेऱ्या बंद होतात, म्हणून शेवटची फेरी किती वाजता हे दुपारीच विचारून घ्यावं. ती चुकली की दाभोळकरांना चिपळूणचा वळसा आणि बागमांडलेकरांना आंबेत-म्हाप्रळच्या पुलाचा, आणि तो पूल वाहतुकीला खुला आहे ना, हेही आधी विचारलेलं बरं.

भरती-ओहोटीचा हिशेब मात्र तोंडपाठ हवा. कोकणातलं जुनं गणित आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसा एकदा, रात्री एकदा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीतच करायची असते, कारण कपारीतल्या पायऱ्या उतरून गेलेली वाट समुद्राच्या काठाने जाते आणि भरतीला लाटा त्या वाटेवर येतात. म्हणजे चतुर्थीला सकाळी नऊच्या सुमारास जावं. दुपारी जेवून, झोपून, "तीनला निघू" म्हणणाऱ्यांनी देवळातूनच नमस्कार करावा.

आता ह्याच गणिताचा दुसरा भाग. पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, ओहोटी पडते संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. पाणी कधी नव्हे इतकं मागे गेलेलं, ओली वाळू कडक आणि चकचकीत, सूर्य मावळतीला, आणि गाडीत फोटो काढणारे चार जण. "गाडी खाली घे, मस्त फोटो येईल!" खरं तर बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी उतरवायला मनाई असते, पाटीही असते, पण पाटीचा फोटो कुणी काढत नाही. गाडी कडक वाळूवर छान पळते. परत फिरताना कोरड्या, भुसभुशीत पट्ट्यावर येते आणि बसते. तिथून पाणी रात्री साडेअकरापर्यंत चढतच जाणार असतं.

बसल्यावर पहिलं काम, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. चाक जितकं फिरेल तितकं स्वतःचा खड्डा खणेल. ड्रायव्हर सोडून सगळ्यांनी उतरावं. चार माणसांचे अडीचशे किलो तिथेच कमी होतात. चाकांपुढची वाळू हाताने काढावी. टायरची हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवावी, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, म्हणून पायपुसणी पुढच्या चाकांखाली सरकवावीत, मागच्या नव्हे. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन न रडवता, हळू. ढकलणाऱ्यांनी चाकाच्या मागे उभं राहू नये, नाहीतर पायपुसणं तोंडावर येतं. एवढ्याने निघाली नाही तर ट्रॅक्टर. दोर बंपरला बांधू नये. टूलकिटमध्ये आकड्याचा एक स्क्रू असतो, तो बंपरवरचं छोटं झाकण काढून आत फिरवायचा. टूलकिट अर्थातच स्टेपनीपाशी आहे, म्हणजे पुन्हा पाच बॅगा, थर्मास, चटई, बॅट. पुढे गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवायचं आणि पुढच्या पंपावर हवा भरायची, तोपर्यंत गाडी बैलगाडीच्या वेगाने.

ट्रॅक्टरवाला किती घेईल हे त्या वेळच्या पाण्याच्या पातळीवर अवलंबून असतं, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. तंटा होतो तो नंतर. पेट्रोलचं सोपं आहे : साडेपाचशे किलोमीटर, लिटरला पंधरा, म्हणजे सदतीस लिटरच्या आत, भागिले पाच. पापलेट एकाने खाल्लं आणि वरणभात दुसऱ्याने, हेही टीटीएमएममध्ये, म्हणजे 'तुझं तू, माझं मी'मध्ये, बसतं. पण ट्रॅक्टर समान वाटायचा, की "खाली घे" म्हणणाऱ्याच्या नावे टाकायचा, की गाडीच्या मालकाच्या? माझं मत विचाराल तर खाली घे म्हणणाऱ्याच्या नावे साठ टक्के, आणि ऐकणाऱ्याच्या नावे उरलेले.

राहता राहिले आंबे. गुहागरच्या रस्त्यावर 'देवगड' अशी पाटी दिसली तर चार पावलं पुढे जावं. २०१८ साली हापूसला जे भौगोलिक मानांकन मिळालं ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा पाच जिल्ह्यांना आहे. गुहागरच्या आंब्याला देवगडचं नाव लावायची गरजच नाही. पेटी घेताना वरचा थर बघून भुलू नये, खालचे दोन काढायला लावावेत. पिकलेले घेऊ नयेत, प्रवासात दबतात. पेंढ्यातले तयार होत आलेले घ्यावेत. एक डझन साधारण तीन किलो, पाच डझनांची पेटी पंधरा आणि वर लाकडाचं वजन. पाच जणांच्या पाच पेट्या म्हणजे कुंभार्ली घाटात गाडीला सहावा मित्र, आणि तोही जाडा. शिवाय बंद डिकीत उन्हाने आंबा पिकत नाही, उबतो. म्हणून पेट्या आत ठेवायच्या, मागच्यांच्या पायांशी, आणि बॅगा डिकीत. मागच्यांनी चिपळूण ते पुणे पाय वर घेऊन बसायचं. आणि पाटणच्या अलीकडे इंजिन तापून हीटर लावायची वेळ आली, तर मित्रांना खाली उतरवावं आणि पेट्या सावलीत.