लकवा, गूळपाणी आणि इन्सुलिन: फिरत्या मेसेजला उत्तर

"लकवा मारला की लगेच गूळपाणी पाजा. दवाखान्यात साखर वाढते ती सलाईनमुळे. इन्सुलिन घेऊ देऊ नका, एकदा लागलं की सुटत नाही." गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणाऱ्या या मेसेजमधला एकही सल्ला पाळू नका.

गूळपाणी आधी. लकव्यात गिळण्याचे स्नायूही लुळे पडू शकतात. मग पाजलेलं पाणी श्वासनळीत उतरतं, कधी ठसकासुद्धा लागत नाही, आणि पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. वॉर्डात नातेवाईक प्रेमाने चमच्याने चहा पाजतात, तिथेही हाच धोका. नर्सने रुग्णाला ताठ बसवून चमचाभर पाण्याने गिळणं तपासेपर्यंत तोंडात काही घालू नका, गोळीसुद्धा नाही.

साखर खूप उतरली तरी हातपाय लुळे पडतात, हे खरं. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशीपोटी वावरात गेलेल्या माणसाचं असं होऊ शकतं. पण ते ग्लुकोमीटरवर मिनिटभरात कळतं. साखर ६० च्या खाली असेल तर शिरेतून ग्लुकोज देतात, आणि बहुतेकदा ताकद परत येते. खरा लकवा असेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅननंतरच. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडच्या माणसाचा निम्मा वेळ रस्त्यातच जातो. गूळ शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

सलाईनचं म्हणाल तर साध्या सलाईनमध्ये, म्हणजे एनएसमध्ये, साखर नसतेच. डीएनएस, म्हणजे ग्लुकोज मिसळलेल्या सलाईनच्या ५०० मिलिच्या बाटलीत २५ ग्रॅम असते, म्हणून साखर उतरलेली नसेल तर ती लावत नाहीत. साखर चढते ती मेंदूवरच्या आघाताने: शरीर कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन ही ताणाची संप्रेरकं सोडतं. मधुमेह नसलेल्यांचीही चढते. वाढलेल्या साखरेत मेंदूची इजा वाढते आणि गुठळीच्या इंजेक्शननंतर रक्तस्रावाचा धोकाही.

म्हणून १८० च्या वर गेली की इन्सुलिन, आणि साधारण १४० ते १८० मध्ये ठेवायची. त्याहून खाली ओढण्यात फायदा नाही. अमेरिकेतल्या शाइन चाचणीत (२०१९) ८० ते १३० पर्यंत उतरवलेले रुग्ण जास्त बरे झाले नाहीत, उलट काहींची साखर धोकादायक उतरली. बोलणं गेलेला माणूस साखर उतरल्यावर घाम फुटला, घाबरल्यासारखं होतंय हे सांगू शकत नाही. त्यामुळे अन्न देण्याची नाकातली नळी निघाली किंवा तिच्यातून द्यायचा फीड (पातळ आहार) चुकला, तर पुढच्या इन्सुलिनआधी सिस्टरना सांगाच.

आणि सुटत नाही म्हणता? आजाराच्या ताणाने चढलेली साखर बहुधा काही दिवसांत उतरते, इन्सुलिन बंद होतं. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.५ किंवा जास्त आलं तर मधुमेह आधीपासूनच होता, तो इन्सुलिनने लावलेला नाही.